एका दिवसाची घाई

बाबांची गाडी रंगवायला टाकून पाच आठवडे झाले होते आणि लेकीचा गॅरेजमधला हा सहावा हेलपाटा होता. मिस्त्रीचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी घाई केली की हातातलं काम न थांबवता तो "सबूर" म्हणायचा, म्हणून सगळे त्याला सबूरमिस्त्रीच म्हणत.

गाडी लेकीहून चार वर्षांनी मोठी. मध्ये कुणाच्या तरी सल्ल्याने ती लाल झाली होती. बाबांनी तो लाल रंग नको असलेल्या पाहुण्यासारखा वीस वर्षं सहन केला. मूळ रंगावरून बापलेकीची जुंपायची. ती म्हणे, आकाशी होता. बाबा म्हणत, तुला काय कळतंय, दुधात निळीचा थेंब पडावा तसा होता. शेवटी मिस्त्रीने दाराचं रबर सोलून आत दडून राहिलेली बोटभर जुनी पट्टी दाखवली. बाबा जिंकले.

पण बाबांची नजर जात चालली होती. डाव्या डोळ्याने केव्हाच हात टेकले होते. उजव्याला आणखी महिना-दीड महिना रंग कळतील, पुढे नुसता उजेड आणि अंधार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी गाडी त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवी होती. आणि मिस्त्रीला हे सांगायचं नाही, अशी बाबांची तंबी होती. कीव करून दिलेला रंग त्यांना नको होता.

मग ती सबबी सांगायची. पाहुणे येणार आहेत, परगावी जायचंय. मिस्त्री हसून म्हणायचा, "ताई, तुमचे पाहुणे सारखे येतात. अधूनमधून परत जातात का नाही?"

राग यायचा, पण तिथे उभी राहिली की तिचा पाय निघत नसे. मिस्त्री पत्र्याच्या खळग्यात पुट्टी भरायचा आणि दोन दिवस त्या पुट्टीकडे ढुंकूनही बघायचा नाही. ती पुरती सुकून बसली, की वर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून हलक्या हाताने घासायचा. उंचावरचा काळा निघून जाई, खोलातला राही. तो राहिलेला काळा म्हणजे खोट. ती भरायची, पुन्हा थांबायचं, पुन्हा फवारा. सरतेशेवटी तळहाताखाली पातळ फडकं धरून, डोळे मिटून तो सगळ्या पत्र्यावरून हात फिरवायचा. डोळे चकाकीला भुलतात, हात भुलत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्या सहाव्या खेपेला तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. मिस्त्रीने घासपेपर खाली ठेवला. या वेळी तो सबूर म्हणाला नाही. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "सगळी गाडी होणार नाही. बॉनेट आधी करतो. गुरुवारी घेऊन या त्यांना."

गुरुवारी सकाळी बॉनेट गॅरेजच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर उन्हात ठेवलं होतं. बाबा अगदी जवळ गेले, मान तिरकी करून उजव्या डोळ्याने बघत राहिले. "हाच," ते म्हणाले. मग त्यांनी हात ठेवला. हात सरकत सरकत मधल्या धारेपाशी आला आणि थांबला. तिथेच दोनदा मागे-पुढे झाला.

"मिस्त्री, इथे जरा बसलंय."

लेकीला दिसेना. तिने बाबांचा दंड दाबला. मिस्त्रीने फडकं घेतलं, डोळे मिटले, हात फिरवला आणि मान हलवली.

"बरोबर आहे काका. पुट्टीला दोन दिवस द्यायचे, मी एकच दिला. रंगाखाली ती आक्रसली."

"घाई कुणी केली?"

लेकीने मान खाली घातली. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मी केली."

बाबांना काय ते कळलं असावं. ते लेकीवर रागावले नाहीत. म्हणाले, "मग आता खरवडा. मला दिसायचं ते दिसलं." तरी जायच्या आधी त्यांनी स्टूल मागून घेतलं आणि ऊन भिंतीपलीकडे जाईपर्यंत बॉनेटसमोर बसून राहिले. तोवर मिस्त्रीनेही घासपेपर हातात घेतला नाही.

गाडी पुरी व्हायला पुढे सात आठवडे गेले. लेकीने एकदाही विचारलं नाही. न्यायला आले तेव्हा बाबांना गाडीच्या जागी फक्त एक उजळ पुंजका दिसत होता. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. हात धारेकडे निघाला. मिस्त्री, आयुष्यभर दुसऱ्यांना थांबायला लावणारा माणूस, श्वास रोखून त्या हाताकडे बघत होता.

हात धारेवरून सरळ पलीकडे गेला. मागे आला, पुन्हा गेला. कुठेच अडखळला नाही.

"लेकी," बाबा म्हणाले, "किल्ली घे. आणि सावकाश चालव."