बारा तारांची रुखसत

लातुरात डाळमिलांच्या मागच्या मोहल्ल्यात लेक सासरी निघाली की चांदपाशांची गिटार हवीच. लेक मुसलमानाची असो की मराठ्याची, रुखसत म्हणा की पाठवणी. बारा तारांची, भरीव लाकडाची, इलेक्ट्रिक गिटार ती. हैदराबादचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा तरुण चांदपाशांनी ती खांद्यावर टाकून आणली होती. वयानं त्यांच्याहून थोरली, आणि लाल रंग उडून आता शिळ्या चहासारखी दिसायची. बारा तारांपैकी एखादी तरी रुसलेली असायचीच, लग्नघरातल्या मावशीसारखी. मग खुंटी पिळून तिची समजूत काढावी लागे. पण एकदा जुळली, की जाड तार आणि शेजारची बारीक तार एकदमच बोलायच्या, आणि एकच माणूस वाजवतोय यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

मोहल्ल्याचा शिरस्ताच होता, की चांदपाशांची धून संपल्याशिवाय नवरीच्या गाडीला चावी लागायची नाही. कुणी पाडला कोण जाणे, पण घाईवर आलेले व्याहीसुद्धा मुकाट उभे राहत.

आणि आता खुद्द चांदपाशांची उजमा नांदेडला निघाली होती.

"ह्या लग्नात तुम्ही बाप हायत, बाजेवाले न्हाई," हाजराबींनी नवऱ्याला आधीच बजावलं होतं. "पोरीसंगं उभं राहायचं सोडून तारा छेडत बसू नका."

"मी न्हाई वाजवली तर कोण वाजवणार?" चांदपाशा म्हणाले.

ही आपली सांगायची गोष्ट. खरं म्हणजे ते घाबरले होते. वाजवताना ते डोळे मिटत, धून संपली तरी मिटलेलेच ठेवत, आणि उघडत तेव्हा गाडी वळणाआड गेलेली असे. इतक्या लेकी त्यांनी वाटेला लावल्या, पण जाणारी एकही पाहिली नव्हती. मग आपली कशी पाहवणार? गिटार मांडीवर असली म्हणजे बघावं लागणार नाही, एवढाच त्यांचा विचार. दाढी पांढरी झाली तरी काळीज पापडाचंच राहिलं होतं.

उन्हं कलली. निकाह झाला, जेवणं उरकली. फैजान, नवा जावई, गाडीत बसला. उजमा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. अब्बा तेवढे मांडवाच्या कोपऱ्यात स्टुलावर, डोळे मिटून. ती गाडीत बसली आणि धून सुरू झाली.

पापण्यांच्या आत तुरीची पिवळी धूळ तरंगत होती. त्या धुळीतून तीन वर्षांची उजमा चालत आली. गंजगोलाईच्या बाजारात हरवून बांगड्यांच्या दुकानापुढं सापडली होती, तशीच. रडत नव्हती, दुकानदारालाच धीर देत होती. मग ती शाळेत गेली, मग क्लासला, मग स्कूटीवरून आली आणि हसली. धुनीचा शेवट जवळ आला, की चांदपाशा हळूच पहिल्या ओळीवर वळत आणि उजमा पुन्हा तीन वर्षांची होई. असं तीनदा झालं. व्याही खाकरू लागले.

तेवढ्यात वीज गेली. मिलांची घरघर थांबली, स्पीकर मुका झाला.

"चाचा, लाइट गेली," कीबोर्डवाला मन्मथ कानाशी पुटपुटला. चांदपाशांना ऐकूच गेलं नाही. भरीव लाकूड ते. विजेवाचून त्याचा आवाज वाजवणाऱ्याच्या मांडीपल्याड जात नाही. धून संपली असं समजून ड्रायव्हरनं चावी फिरवली.

"थांबा," उजमा म्हणाली. "धून चालू हाय."

"कुठं चालू हाय?" फैजाननं विचारलं.

"अब्बांची बोटं बघा की."

ती खाली उतरली. जड ओढणी सावरत मांडवात आली, स्टुलापाशी बसली आणि लाकडाला कान लावला. दोघांनाच ऐकू येणाऱ्या धुनीसाठी दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी उभीच्या उभी राहिली.

गिटार जड का झाली म्हणून चांदपाशांनी डोळे उघडले, तर समोर उजमाचे डोळे. आता पळायला जागा नव्हती. त्यांना रडू फुटलं, पण बोटं काही थांबेनात.

"अब्बा, संपवा ना आता," ती हळूच म्हणाली. "त्याबिगर मला जाता येत न्हाई."

"कशी संपवू बेटा? मला शेवटच आठवंना झालाय."

उजमानं मेंदीचा तळवा बाराही तारांवर सपाट ठेवला. तारा थरथरल्या आणि गप्प झाल्या. इतक्या वर्षांत चांदपाशांची धून दुसऱ्या कुणी संपवली नव्हती.

त्यांनी गिटार मन्मथाच्या हाती दिली आणि लेकीचा हात धरून तिला गाडीकडे घेऊन निघाले.