शाल बॅटरीला, लाथ मला

मी दूर पूर्वेच्या समुद्रातल्या रोटे बेटाजवळच्या एका छोट्या बेटावरचा डिझेल जनरेटर बोलतोय. गळ्याशपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता मला गळा नाही, तेव्हा शपथ कितपत धरायची ते तुम्ही बघा.

मी होडीतून आलो. उतरवताना, मला चालवायला नेमलेल्या मेल्कीबापाच्या पायावर पडलो, म्हणून त्याने लाथ घातली. तेच माझं स्वागत. पुढे कित्येक वर्षं रोज संध्याकाळी खोकत खोकत मी गावाला उजेड दिला. गाव म्हणायचं, किती बोंबलतो मेला.

मग देस्मी आली. इंजिनिअर. तिने टेकडीवर सोलर पॅनेल मांडली, किनाऱ्यावर छोटी पवनचक्की उभी केली. सगळ्याचा खर्च गावाला झेपेना, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मोठी बॅटरी नको, छोटी घेऊ. ढगाळ दिवसांना हा म्हातारा पुरेल."

म्हणजे मी राखीव. नवरदेव पळाला तर असावा म्हणून मांडवात बसवलेला मावसभाऊ.

बॅटरी आली, माझ्याच खोलीत. गोरीपान, मुकी. देस्मी जोडणी करून परत गेली आणि युब्लिनामामा आली. (आमच्याकडे बाईलाच मामा म्हणतात, वाद घालू नका.) पाहुण्याला देतात तशी तिने बॅटरीपुढे पान-सुपारी ठेवली. वर स्वतः विणलेली लाल शाल पांघरली. चहूबाजूंनी, अगदी नीट खोचून. माझ्या टाकीतलं डिझेल नासलं.

दुसऱ्याच दिवशी मामाच्या लेकीला मागणी घालायला पाहुणे यायचे होते. सगळे मासे गावच्या फ्रीजरमध्ये. पाहुण्यांना नासका मासा वाढला की सोयरीक मोडलीच म्हणायची.

आणि भर उन्हात फ्रीजर बंद पडला. बॅटरीची हवेची जाळी शालीखाली. बया तापली आणि झोपली. मला दिसत होतं, पण मला कोण विचारतो?

मेल्कीबापाने माझी दोरी ओढली. मी खोकलो. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलो. त्याने पाय उचलला.

मामाने त्याला मागे ओढलं. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "हो रे बाबा सुरू. पोरीचा प्रश्न आहे. तुलाही शाल घालते."

एवढंच हवं होतं. असा धडाडलो की कोंबड्या समुद्राकडे पळाल्या. मासे वाचले. व्याह्यांनी दोनदा मागून घेतले, सोयरीक ठरली. देस्मी फोनवर म्हणाली, "आधी त्या बॅटरीचं पांघरूण काढा." बॅटरी जागी झाली.

मामा शब्दाची पक्की. शाल घेऊन आली. कोणती? तीच. बॅटरीच्या अंगावरून उतरलेली. माझ्यावर घातली, चहूबाजूंनी, अगदी नीट खोचून.

आता माझी जाळी बंद आहे. पुन्हा सुरू केलं तर गुदमरून मरेन. पण शाल कुणी काढायची नाही. समोर ती उघडी बसलीय, तिला बघू दे.

झाली गोष्ट. फुकट ऐकून निघालात कुठे? कॅन उघडा, डिझेल ओता. पाणी घातलेलं नको, मला कळतं.