पेन्सिलीतलं पोटकलम

देवदत्त फक्त शनिवारी दाढी करत. बाकीच्या दिवशी करायला काही कारण नसे.

नाहूरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. बायको, जयंती, जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी शर्मिष्ठा बंगळूरला होती, तिचा फोन रविवारी सकाळी यायचा. तो झाला की पुढचे दिवस बोलणं म्हणजे दूधवाल्याला "अर्धाच लिटर" एवढंच. एकदा गुरुवारी कुणाचा तरी चुकून फोन लागला, तर त्यांच्या घशातून आवाजच फुटेना. दोन दिवसांत आपण तोंड उघडलेलं नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

शनिवारी मात्र अकराच्या ठोक्याला ते मुलुंडला वकिलांच्या ऑफिसात हजर असत. एकतीस वर्षांपूर्वी नंदकुमार वकिलांनी त्यांना तिथं आणलं होतं. तेव्हा देवदत्त एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. नोकरी संपली, पुढे वकीलही वारले. ऑफिस आता वकिलांची सून श्वेता चालवत होती. देवदत्तांचा शनिवार तसाच राहिला.

काम एकच. कायद्याची पुस्तकं ताजी ठेवायची. कायदा एकदा छापला म्हणजे झालं, असं नसतं. संसद त्यात बदल करत राहते. ते बदल राजपत्रात, म्हणजे सरकारच्या अधिकृत पत्रात छापून येतात. देवदत्त बदललेल्या कलमाची स्लिप करत आणि पुस्तकात त्या जागी चिकटवत. खळ घरची, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. आणि खळ लावायची ती स्लिपेच्या डाव्या कडेला फक्त. उचलली की खालचा जुना मजकूर दिसला पाहिजे. दंड संहितेच्या जाड पुस्तकात काही ठिकाणी एकावर एक तीन स्लिपा होत्या. पुस्तक मिटलं तरी पोट सुटल्यासारखं दिसे.

टेबलाच्या पलीकडे गार्गी बसायची. श्वेताची मुलगी, पाचवीत. शनिवारी शाळा नसे आणि घरी कुणी नसे, म्हणून ती आईबरोबर ऑफिसात येई. तिला काहीही सांगताना देवदत्तांना घाई नसायची. आधी तिला विचारायचं, मग थांबायचं, मग सांगायचं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी तिनं विचारलं, "आजोबा, कायद्याला नंबर कोण देतं?"

"आधी तू सांग, विधेयक म्हणजे काय?"

"कायदा व्हायच्या आधीचं."

"बरोबर. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं आणि राष्ट्रपतींची सही झाली की त्याचा अधिनियम होतो. त्या वर्षातला तो कितवा, तोच त्याचा नंबर. नवं वर्ष लागलं की पुन्हा एकपासून."

"आमच्या हजेरीसारखं. उशिरा ॲडमिशन घेतली की शेवटचा रोल नंबर."

"तसंच." त्यांनी जाड पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. "ही दंड संहिता. वाच बघू."

"अठराशे साठचा पंचेचाळीस."

"आणि हिच्या जागी परवा सोमवारी येणार ती न्याय संहिता." त्यांनी पिशवीतून एक नवीन पातळ पुस्तक काढलं. फोर्टात जाऊन ते त्यांनी स्वतःच आणलं होतं.

"दोन हजार तेवीसचा... पंचेचाळीस? जुन्याचाच नंबर दिला?"

"नाही गं. त्या वर्षी तो पंचेचाळिसावा झाला, तेवीस साली हाही झाला. कुणी ठरवून केलेलं नाही."

"मग हा तेवीस सालीच झाला ना? तुम्ही पेन्सिलीनं का लिहिलंय?"

पानाच्या कोपऱ्यात देवदत्तांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "१ जुलै २०२४". पेन्सिलीनं.

"सही झाली, नंबर पडला, राजपत्रात छापून आला, तरी कायदा लागू झाला असं नाही. कधीपासून लागू, ती तारीख बऱ्याचदा सरकार मागाहून सांगतं. तो दिवस उजाडेपर्यंत माझी पेन्सिल. उजाडला की शाई."

"आणि चुकून आधीच शाईनं लिहिलं तर?"

"लिहिलं होतं ना. इथं नवा होतो तेव्हा. राजपत्र आलं, मी त्याच दिवशी जुनं कलम शाईनं खोडलं. तुझे आजोबा कोर्टात उभे राहून म्हणाले, हे कलम आता नाही. न्यायाधीश म्हणाले, कधीपासून? आजोबांनी पुस्तक उलटंपालटं केलं, तारीख कुठंच नाही. ती यायला अजून सात महिने होते."

"ओरडले तुम्हाला?"

"नाही. परत आले, माझ्यासमोर एक पेन्सिल ठेवली आणि चहा मागवला."

गार्गी हसली. तेवढ्यात श्वेता केबिनमधून बाहेर आली. अशिलांसमोर देवदत्त तिला मॅडम म्हणत, पण आत्ता अशील नव्हतं.

"काका, तुमच्याशी बोलायचं होतं. पुढच्या शनिवारी सुतार येतोय. हे पुस्तकांचं कपाट काढते. इथं दोन ज्युनिअर बसतील. सगळं कॉम्प्युटरवर आहे, रोजच्या रोज अपडेट होतं."

"पुस्तकं?"

"एका लॉ कॉलेजला विचारलंय. नाहीच घेतली तर... बघू."

"बरं," देवदत्त म्हणाले.

श्वेता थोडी घुटमळली. "तुम्ही या हं काका अधूनमधून. चहाला."

ते पुन्हा "बरं" म्हणाले. अधूनमधून चहाला येणारा माणूस किती वेळा येतो, ते त्यांना माहीत होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातही ते निवृत्तीनंतर दोनदा गेले होते. दुसऱ्या वेळी टेबलावर ओळखीचं कुणी नव्हतं.

तो आठवडा लांबला. सोमवारी सकाळी त्यांनी टीव्ही लावला, नवे कायदे लागू झाल्याची बातमी ऐकली आणि बंद केला. मंगळवारी खळ करून ठेवली, मग कशाला केली म्हणून ओतून दिली. शनिवारी अकरा वाजले तरी घरीच बसायचं, दाढी करायची नाही, दुपारचा भात लावायचा. हे जमेल का ते बघावं म्हणून बुधवारी त्यांनी डोळे मिटून तो पूर्ण दिवस मनात चालवून पाहिला. दुपारी तीनच्या पुढे जाता येईना.

शनिवारी ते पोचले तेव्हा सुतार टेप घेऊन कपाट मोजत होता. आतल्या केबिनमध्ये श्वेता आणि तिचा ज्युनिअर प्रीतम यांची बोलाचाली चालू होती.

"मॅडम, वाट लागली. इथं सरळ पाच वर्षंच दाखवतंय."

"अरे, गुन्हा बारा सालचा आहे. शिक्षा तेरा साली वाढली. तेव्हा दोनच होती, मला पक्कं आठवतंय."

"आठवतंय ना, पण सोमवारी दाखवायचं काय? साइटवर आत्ताचंच कलम आहे. खाली बारीक अक्षरात बदलल्याचं लिहिलंय, जुना मजकूर नाहीये."

"कुठं तरी असेल, शोध ना."

"काल रात्रीपासून तेच करतोय यार... म्हणजे, मॅडम."

देवदत्त दारात उभे होते. त्यांनी कलम कितवं ते विचारलं. मग कपाटाशी गेले, सुताराला जरा बाजूला व्हायला सांगितलं, जाड पुस्तक काढलं आणि पान उघडून केबिनमधल्या टेबलावर ठेवलं. वरच्या स्लिपेवर पाच वर्षं. त्यांनी ती नखानं उचलली. खाली छापील दोन वर्षं. समासात त्यांच्याच अक्षरात, शाईनं, बदल कोणत्या अधिनियमानं झाला आणि कोणत्या तारखेपासून लागला, ते लिहिलेलं होतं.

प्रीतमनं वाकून पाहिलं. "झकास. काका, हे तुम्ही कधी केलंत?"

"तेरा साली. शनिवारी."

श्वेतानं पान दोनदा वाचलं, स्लिप खाली सोडली, पुन्हा उचलली. मग केबिनबाहेर जाऊन सुताराला म्हणाली, "दादा, कपाट राहू दे. टेबलं आतल्या बाजूला बसवू." परत येऊन देवदत्तांना म्हणाली, "सॉरी काका. जुन्या केसेस अजून पंधरा-वीस वर्षं चालतील. एक जुलैच्या आधी घडलेलं सगळं ह्या जुन्या पुस्तकावरच. हे कुठंही जाणार नाही."

देवदत्त नेहमीच्या खुर्चीत बसले. चहा आला. चहा पिताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

"आजोबा, आज शाई ना?" गार्गीनं नवीन पुस्तक पुढे ओढलं.

"आज शाई. तूच लिही."

तिनं जीभ दातांत धरून, पेन्सिलीच्या रेघांवरून, १ जुलै २०२४ गिरवलं. मग जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी तिला एक ओळ सांगितली : ह्या तारखेपासून निरसित.

"म्हणजे रद्द?"

"रद्द. पण आधी घडलेल्या गुन्ह्यांसाठी चालू."

"मग आता ह्याच्यात बदल होईल?"

"तू सांग."

गार्गीनं विचार केला. देवदत्त थांबले. प्रश्न कुठं चाललाय ते त्यांना दिसत होतं. पण शिकवताना मधे बोलून उत्तर काढून घ्यायचं नाही, ही त्यांची सवय होती.

"नाही होणार," ती सावकाश म्हणाली. "रद्द झालेल्यात कशाला बदल करतील? म्हणजे ह्याला आता कधीच स्लिप लागणार नाही. नव्याचं सगळं कॉम्प्युटरवर." ती थांबली. "मग तुम्ही काय करायला येणार?"

श्वेता मोबाइल बघत होती, तिनं मान वर केली. सुताराचा टेप खट्कन बंद झाला.

"बरोबर," देवदत्त म्हणाले. "अगदी बरोबर उत्तर आहे."

एरवी बरोबर उत्तर आलं की गार्गी पिशवीतल्या राजगिऱ्याच्या लाडवासाठी हात पुढे करायची. आज तिनं केला नाही. त्यांनीच लाडू काढून तिच्या वहीवर ठेवला.

त्यांनी ऑफिसात ठेवलेली खळीची रिकामी वाटी फडक्यात गुंडाळली. उठताना नवीन पुस्तक तिच्याकडे सरकवलं आणि खिशातली पेन्सिल त्यावर ठेवली.

"हे तुझ्याकडे ठेव."

ती लगेच पानं उलटायला लागली. एका पानाशी थांबली. "आजोबा, इथं राहिलंय. एकशे सहा, पोटकलम दोन. तुम्ही फक्त पेन्सिलीनं रेघ मारलीय, तारीखच नाही."

"त्याची आलेली नाही. बाकी सगळं सोमवारी लागू झालं, तेवढं सोडून."

"कधी येणार?"

"सरकार सांगेल तेव्हा. काहींची यायला वर्षं लागतात. काहींची येतही नाही."

"आली तर शाईनं लिहायला तुम्हालाच यावं लागेल," गार्गी म्हणाली. "मी नाही लिहिणार. मी चुकेन."

"तू नाही चुकणार."

"चुकेन," ती ठामपणे म्हणाली, आणि पेन्सिलीनं त्या रेघेशेजारी लिहायला लागली. देवदत्तांनी चष्मा नीट करून पाहिलं. "तारीख आली की आजोबा."

तिच्या अक्षरांवरच्या रेघा वाकड्या होत्या. एरवी त्यांनी सुधारायला लावल्या असत्या.

नाहूरला पोचल्यावर त्यांनी धुतलेली वाटी पालथी घातली. मग कपाटातून शर्मिष्ठानं दिलेला, कधी न लावलेला लॅपटॉप काढला. राजपत्राची साइट उघडायला त्यांना पाऊण तास लागला. त्या दिवशीची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. पोटकलमाचं काही नव्हतं. त्यांनी कॅलेंडरवर त्या शनिवारच्या चौकोनात, पाहिलं म्हणून, घरातल्या दुसऱ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि पुढच्या शनिवारच्या चौकोनापाशी पेन्सिल टांगून ठेवली.