त्रेचाळीस धुऱ्यांची उतरण

ओमेश्वरने रिसॉर्टची नोकरी सोडली तेव्हा त्याच्या हातात फक्त एक तोंडी आश्वासन होतं. नागपूरच्या सायकल क्लबचा प्रमुख इंद्रकुमार त्याला म्हणाला होता, "दहा मिनिटांपेक्षा लांब आणि खरोखर अवघड उतरण दाखव. पटली तर दर हिवाळ्यात आम्ही तुझ्याकडेच." २०१४ च्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी बारा जण येणार होते. उतरण अजून सापडायची होती.

ओमेश्वर माझा मामेभाऊ, सौंदडचा, धान पिकवणाऱ्या घरातला. तीन वर्षं तो तलावाकाठच्या एका रिसॉर्टमधल्या बाइक पार्कात पाहुण्यांना सायकल शिकवत होता. तिथला ट्रॅक सातशे मीटरचा. मुरुमाची गुळगुळीत वळणं, लाकडी उंचवटे, शेवटी लिंबूपाण्याचा ठेला. मी स्वतः स्टॉपवॉच लावून पाहिलं होतं: एक मिनिट चाळीस सेकंदांत सगळं संपायचं. मॅनेजरने निरोप देताना सांगितलं होतं, "नोव्हेंबरअखेरपर्यंत तुझी जागा भरत नाही. येशीलच फिरून."

मी भूशास्त्रात एम.एस्सी. करून फुलचूरला घरी परतले होते आणि एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. शोधायचं काम माझ्याकडे आलं. आपल्या जिल्ह्यात सपाट धानाची शेतं सोडून उतार शोधायचा म्हणजे सालेकसाकडचा पूर्वेचा डोंगराळ पट्टाच. नकाशावर समोच्च रेषा मोजत मी तीन टेकड्या काढल्या. एकीवरची वाट नाल्यात संपली, दुसरीवर काटेरी वेलींनी हँडल धरून ठेवलं, तिसरीवर माझा हिशेबच चुकला. उंचीत वीस मीटरचा फरक असलेल्या दोन रेषांच्या मधे पंधरा मीटरचा सरळ कडा लपू शकतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. कड्याच्या टोकावर ब्रेक दाबून उभं राहिल्यावर ते नीट समजलं.

सप्टेंबरच्या शेवटी उपग्रहाच्या चित्रात मला एक बारीक रेघ दिसली. डोंगराच्या माथ्यापासून पिपरटोला नावाच्या एकोणीस घरांच्या वस्तीपर्यंत ती नागमोडी उतरत होती. जनावरांच्या वाटा अशा नसतात. या रेघेवरची वळणं जवळपास सारख्या आकाराची होती.

आम्ही गेलो. दोनशे चाळीस मीटरची उतरण, लांबी पावणेचार किलोमीटर. कडक जुन्या ज्वालामुखी खडकाच्या पायऱ्या, मधे लाल मुरूम, साग आणि ऐनाच्या मुळ्या. अर्ध्यावर आम्हाला एक साठीतला माणूस खाली उतरताना दिसला. त्याच्या जुन्या काळ्या सायकलच्या दोन्ही बाजूंना लांब हिरवे बांबू बांधलेले होते. तो सायकलच्या शेजारून चालत होता, एक हात हँडलवर, दुसरा सीटला बांधलेल्या दांड्यावर. मागे दोरीने बांधलेली ऐनाची फांदी जमिनीवरून घासत येत होती. तोच त्याचा ब्रेक.

"बाजूनं व्हा गा," तो शांतपणे म्हणाला. "भरली सायकल थांबत नाई."

त्याचं नाव धनलाल. खाली वस्तीवर त्याची बायको गोमतीबाई हिने पाणी दिलं. तिच्याकडून कळलं की हा अभयारण्याचा भाग नाही, वस्तीला इथल्या बांबूचा हक्क आहे, आणि ही वाट धनलालच्या आजाच्या काळापासून अशीच आहे. सध्या घरापुरताच बांबू उतरत होता, मोठी तोड दिवाळीनंतर. मी विचारलं, वळणं इतकी रुंद कशी? तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

"बारा हाताचा बांबू हाये. लहान वळणातून कसा जाईन?"

मी संध्याकाळी टेपने वळणं मोजली. सगळ्यांत अरुंद वळणातूनही बारा हातांचा बांबू झाडाला न लागता फिरला असता. कुणी कंपास धरला नव्हता, नकाशा काढला नव्हता. मला शिकवणारे प्राध्यापकही इतकी चोख आखणी करतील की नाही, शंका आहे.

ग्रामसभेने आम्हाला सायकल चालवायला हो म्हटलं. मग आम्ही चूक केली.

वाटेवर ठिकठिकाणी दगडांच्या तिरप्या ओळी होत्या, वीतभर उंच. वेगात आलेलं पुढचं चाक त्यांवर अडखळायचं. पार्कात तीन वर्षं ओमेश्वर रोज सकाळी ट्रॅकवरचा दगड अन् दगड वेचायचा. मी त्या ओळींची यादी केली, जीपीएसवर प्रत्येकीची जागा नोंदवली, कोन मोजला आणि वर शीर्षक लिहिलं: अडथळे, एकूण त्रेचाळीस. वस्ती धानाच्या कामात गुंतलेली असताना चार दिवसांत आम्ही ते सगळे दगड उचलून कडेला टाकले. ओमेश्वर अकरा मिनिटांत खाली आला, एकदाही पाय न टेकता. खाली पोचल्यावर तो गवतावर आडवा झाला आणि हसत राहिला.

ऑक्टोबरच्या मध्यात समुद्रातल्या वादळाचा पाऊस आला. दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा वाट नव्हती. पाणी वरून सरळ वाटेनेच धावलं होतं. तीन ठिकाणी कमरेइतक्या खोल घळी पडल्या होत्या आणि दोन वळणं दरीत गेली होती.

गोमतीबाई घळीच्या काठावर उभी होती. तिने आधी कडेला पडलेल्या दगडांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हे दगड काऊन काढले गा?"

"सायकल अडत होती, मावशी," ओमेश्वर म्हणाला.

"कुठचा तू?"

"सौंदडचा."

"धानवाल्याचा पोरगा होय ना? बांधीचा धुरा फोडतेस का घरी, पाय अडते म्हणून?"

ओमेश्वरने वाकून कडेचा एक दगड परत वाटेवर ठेवला. मी तर त्याहून अपराधी. वाहत्या पाण्याने माती कशी कापली जाते, यावर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं. ते शेताच्या बांधासारखे धुरे होते: दर शंभरेक पावलांवर पाणी वाटेवरून बाजूच्या झाडीत वळवणारे. मी प्रत्येकाचा कोनही मोजला होता. तो सगळीकडे उताराकडे झुकलेला आहे हे वहीत लिहूनही मला काही सुचलं नव्हतं.

"दिवाळीनंतर बांबू उतरवायचा हाये," धनलाल म्हणाला. "आता कायनं उतरवू? डोक्यावरून?"

"आम्ही बांधून देतो," ओमेश्वर म्हणाला.

"तुम्हाले येते का?" गोमतीबाईने विचारलं. "नाई येत. पण दगड उचलता येते, ते दिसलं."

दुसऱ्या दिवसापासून एका घरचा एक माणूस याप्रमाणे वस्ती वर चढू लागली, आणि त्यांच्या आधी आम्ही. काही जण घळी भरत होते, काही जण गेलेली दोन वळणं डोंगराच्या आत सरकवून नव्याने कापत होते. मी माझी यादी घेऊन गेले होते. त्रेचाळीस जागा, दशांशाच्या सहा स्थानांपर्यंत. गोमतीबाईने वही उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"ह्या जुन्या जागा होत. पाण्यानं आता रस्ता बदलवला. त्याले विचारा लागते."

तिने मला पाण्याचा डबा दिला आणि वरून हळू ओतायला सांगितलं. स्वतः उकिडवी बसून पाणी कुठे वळतं, कुठे थबकतं ते ती पाहत राहिली. जिथे ते वेग घेऊ लागायचं, त्याच्या दोन पावलं आधी तिने काठीने रेघ ओढली. "इथं." धनलाल मोठा दगड निम्मा जमिनीत गाडायचा, त्यामागे चपटे दगड, फटींत मुरूम. मग पुन्हा पाणी. धुऱ्याला लागून ते अलगद झाडीत उतरलं तर पुढची जागा, नाही तर दगड काढून पुन्हा.

नऊ दिवस मी डबे वाहिले. चौथ्या दिवशी मी आधी अंदाज सांगायचा आणि मग पाणी ओतायचं, असा खेळ सुरू केला. सातव्या दिवसापर्यंत दहांपैकी सहा अंदाज बरोबर येऊ लागले. गोमतीबाईचे दहाच्या दहा येत होते.

"शाळा किती शिकली वो तू?" तिने विचारलं.

"सतरा वर्षं."

"मंग येईन तुलेबी. येऊन राहिलं हळूहळू."

धुरे या वेळी एकावन्न झाले. ओमेश्वर पहिल्यांदा चालवत उतरला तेव्हा सात ठिकाणी पाय टेकले. धुऱ्यावर पुढचं चाक हलकं करायचं, तिरप्या दगडावर सरळ चढायचं, ब्रेक त्याआधीच सोडायचा. हे सगळं त्याला नव्याने बसवावं लागलं. आठवड्याने तो पाय न टेकता सोळा मिनिटांत खाली आला. "मी पार्कच बनवून राहिलो होतो, रुचि," तो म्हणाला. "लांब पार्क."

शेवटच्या रविवारी क्लब आला. बारा जण म्हणाले होते, नऊ आले. इंद्रकुमार सर्वांत पुढे निघाला आणि चौथ्याच धुऱ्यावर पडला. मी मधल्या वळणावर उभी होते. तो माझ्याजवळून गेला तेव्हा कोपर सोललेलं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले. खाली पोचायला त्याला बावीस मिनिटं लागली. मी चालत खाली पोचले तेव्हा हेल्मेट काढून तो वर पाहत बसला होता. ओमेश्वर त्याच्यासमोर उभा होता, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखा.

"ये किसने बनाया, भाई?" इंद्रकुमारने विचारलं.

ओमेश्वरने गोमतीबाईकडे बोट केलं. ती ओट्यावर बसून तूर निवडत होती.

इंद्रकुमारने तिला हात जोडले आणि ओमेश्वरकडे वळला. "जानेवारीत तीन रविवार दे."

"दोन देतो. एका रविवारी बांबू उतरतो, तेव्हा आपली सायकल बंद. आणि दर फेरीच्या आदल्या शनिवारी सगळ्यांनी धुऱ्यांवर काम करायचं."

"म्हणजे फिरायला यायचं आणि दगड उचलायचे?"

"मंग काय," गोमतीबाई मान वर न करता म्हणाली, "चाकं तुमची, दगड आमचे?"

मागून कुणीतरी हसलं. इंद्रकुमार सोललेल्या कोपरावर फुंकर घालत म्हणाला, "ठीक है बाई. शनिवारपासून येतो."

ओमेश्वरने खिशातून फोन काढला. परत येत नाही, हे रिसॉर्टच्या मॅनेजरला आजच कळवायला हवं होतं. नोव्हेंबरचा हा शेवटचा दिवस होता. पिपरटोल्यात रेंज येत नव्हती, ती फक्त डोंगराच्या माथ्यावर मिळायची. त्याने फोन परत खिशात ठेवला, सायकल खांद्यावर घेतली आणि पावणेचार किलोमीटर चढायला निघाला.