पहिला चमचा जावईबापूंचा

मी एक जुना आइस्क्रीमचा पॉट आहे, आणि मी डूख धरून बसणारा आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या वस्तू सोशिक असतात, सगळं पोटात घालतात, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. मी पोटात फक्त बर्फ घालतो.

एका सुताराने मला घडवलं. उभ्या फळ्या जोडून त्याने माझी बादली केली आणि बाहेरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. आत पत्र्याचा उंच डबा, डब्यात दूध ढवळणारं पातं, वर फिरवायचा दांडा. डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरायचं आणि हात भरून येईपर्यंत दांडा फिरवायचा. बर्फ वितळला की खारं पाणी साचतं. ते वर चढून डब्यात शिरू नये म्हणून सुताराने माझ्या कुशीला, झाकणापेक्षा जरा खाली, एक भोक ठेवलं. जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं. दिसायला क्षुल्लक आहे, पण ते नसेल तर मी कुचकामाचा.

मला विकत आणलं मोठ्या बाईंनी, घरी आइस्क्रीम करून विकायला. तेव्हा त्यांना कुणी मोठ्या बाई म्हणत नव्हतं. दोन खोल्यांचं घर आणि पदरात एक लहान मुलगी, एवढाच त्यांचा पसारा. रस्त्यापलीकडच्या मुलांच्या हॉस्पिटलात त्या मुलीच्या घशाचं ऑपरेशन झालं. पोरीला पाणीसुद्धा गिळवेना. बाईंनी माझ्यात आइस्क्रीम फिरवलं आणि वाटी घेऊन गेल्या. मुलीने दोन चमचे खाल्ले, पण बाईंची नजर शेजारच्या खाटांवर गेली. तिथली मुलं टकामका बघत होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी वाटी नेली नाही, अख्खा डबाच नेला.

तेव्हापासून तो रिवाज पडला. दिवसाचा पहिला डबा हॉस्पिटलात, मग बाकीचा विक्रीला. आणि बाईंचा एक कडक नियम होता. ज्याने दांडा फिरवला, पहिला चमचा त्याने खायचा. "आजारी लेकरांच्या तोंडात जाणार आहे, आधी आपण खाऊन बघायला नको?" असं त्या म्हणत. धंदा वाढला. घराचं दुकान झालं, दुकानाचा कारखाना झाला. माझ्या जागी मोठी यंत्रं आली तरी डबा चुकला नाही. लोक बाईंचं कौतुक करायचे. थोडं माझंही करायचे, आणि मला ते आवडायचं.

मग बाईंचे गुडघे गेले, त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या आणि कारभार जावईबापूंकडे आला. जावईबापू म्हणजे त्याच मुलीचा नवरा. माणूस कामाचा, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी आल्या आल्या मला उचलून कंपनीच्या दारातल्या काचेच्या कपाटात उभं केलं आणि वर दिवा लावला. खाली पाटी लिहिली, 'आमची माया, तीच आणि तशीच'. त्याच आठवड्यात त्यांनी डबा बंद केला.

ते बोलणं माझ्यासमोरच झालं.

"आई, रोज डबा पाठवून कंपनी नाही चालत," जावईबापू म्हणाले. "एवढ्या लोकांचे पगार आहेत. त्यापेक्षा वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करू. पेपरात येईल, चार लोक बघतील."

"नफा करू नका असं मी कधी म्हटलं?" बाई म्हणाल्या. "नफा होता म्हणूनच तर डबा जायचा. पण घसा काय वर्षातून एकदा दुखतो का हो?"

"तुम्हाला नाही कळायचं, आई. जमाना बदललाय."

बाईंनी खुर्ची वळवली आणि त्या निघून गेल्या. मला मात्र असा संताप आला! मुलांच्या तोंडचा घास काढायचा आणि मला मायेचा पुतळा म्हणून दारात उभं करायचं. त्या दिवशी मी ठरवलं, याचं उट्टं काढीनच. वेळ लागला तरी चालेल. लाकडाला घाई नसते.

संधी त्यांनीच आणून दिली. वार्षिक कार्यक्रमात सगळ्यांसमोर जुन्या पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवायचं, दांडा स्वतः जावईबापूंनी धरायचा, असं ठरलं. मला चमकवायला रंगारी आला. त्याने माझ्या कुशीकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, याला हे भोक आहे, ठेवू का?"

"भोक? फोटोत किडका दिसेल तो," जावईबापू म्हणाले. "बुजवून टाक."

रंगाऱ्याने त्यात लांबीचा लगदा दाबून भरला, वरून पॉलिश मारलं. मित्रांनो, मला वाचा असती तरी मी ब्र काढला नसता.

कार्यक्रमाचा दिवस आला. हॉस्पिटलातली मुलं पहिल्या रांगेत बसवली होती, गळ्याला रुमाल बांधलेली. शेजारी त्यांच्या सिस्टर, समोर कॅमेरे. बाईंची खुर्ची माझ्या अगदी जवळ होती. जावईबापूंनी बाह्या सरसावल्या आणि दांडा फिरवू लागले. बर्फ वितळला. खारं पाणी चढलं, भोकापाशी आलं, वाट मिळेना म्हणून आणखी चढलं आणि झाकणाच्या फटीतून डब्यात उतरलं. माझ्या कुशीतून एक थेंब बाहेर आला नाही. ते बाईंनी पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी पदर सारखा केला आणि हाताची घडी घालून स्वस्थ बसल्या.

झाकण उघडलं. फोटोवाला म्हणाला, "साहेब, पहिला चमचा त्या छोटीला भरवा, मस्त येईल फोटो."

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळे थांबले. "आपल्याकडे नियम आहे. दांडा फिरवणाऱ्याने आधी खायचं. घ्या, जावईबापू."

त्यांनी हसत हसत मोठा चमचा तोंडात घातला. हाय रे हाय! काय तो चेहरा! डोळ्यांत पाणी तरारलं, मानेच्या शिरा फुगल्या. थुंकावं तर समोर कॅमेरे. त्यांनी गिळलं.

"कसं झालंय?" बाईंनी विचारलं.

"छान," जावईबापू घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मग मुलांना वाढा की."

सिस्टरनी वाट्या पुढे केल्या. ती छोटी आ करून वाट बघत होती. तिच्या घशातले टाके अजून ओले होते. जावईबापूंनी चमचा भरला, उचलला, आणि त्यांचा हात तिच्या तोंडाशी येऊन थांबला. मला वाटत होतं, आता हा गप्प बसणार, बाई त्याचा हात धरणार आणि जन्मभर याची छी थू होणार. मी त्याचीच वाट बघत होतो.

पण त्यांनी चमचा खाली टाकला. "नको, देऊ नका!" ते ओरडले. "खारट झालंय. मी खोटं बोललो."

बाईंनी विचारलं, "मग आता ही मुलं काय खाणार?"

"कारखान्यातून आणतो," ते मान खाली घालून म्हणाले. "आज, आणि उद्यापासून रोज पाठवतो."

"माईकवर सांगा."

त्यांनी माईकवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो वेड्यावाकड्या तोंडाचा, आणि खाली ते वचन. लोक आठवडाभर हसले. मी अजून हसतो.

आता डबा रोज जातो. पश्चात्तापाने जातो की पेपरच्या धाकाने, मला ठाऊक नाही. दुखऱ्या घशाला गार लागतं, तेवढं मला पुरे आहे. बाई म्हणतात, "शेवटी थांबलाच ना त्यांचा हात? सोडून दे आता." बाईंचं मन मोठं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला नुसती पुसून शोभेला ठेवू नका. ती ज्या कामासाठी घडली ते काम चालू ठेवा. आणि जावईबापूंना कुठे भेटलात तर माझा निरोप सांगा, की मी त्यांना माफ केलेलं नाही.