पाचवं कडवं

या, असे जवळ सरकून बसा. साहित्य शिकवणाऱ्या एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. ऐकताना माझाच जीव टांगणीला लागला होता.

सर एकतीस वर्षं पुस्तक न उघडता शिकवत. एका विस्मृतीत गेलेल्या कवीची शोककविता त्यांची लाडकी. पाचव्या कडव्याशी आले की गळा दाटायचा आणि वर्ग चिडीचूप. त्यांच्या एका विद्यार्थिनीनं त्या कडव्यावरच प्रबंध उभा केला. पुस्तक दुर्मिळ, त्यामुळे ओळी वर्गातल्या वहीतून घेतल्या. सरांचा शब्द तिला देवाच्या ठिकाणी. सरांनीही तपासताना बरोबरची खूण केली.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी सरांनी कपाटातून ते पुस्तक काढलं. कडवी चारच. पानं चिकटली असतील म्हणून नखानं सोडवून पाहिली. चारच! पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"अहो, काय हरवलंय?" बायकोनं विचारलं.

"पाचवं कडवं."

"ते होय? सासूबाई गेल्या तेव्हा पुटपुटत फिरायचात ना घरभर. मला वाटलं, तुम्हीच रचलंय."

सरांनी पुस्तक मिटलं. आता त्या पोरीचं काय?

दुपारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे कुठल्या आवृत्तीत आहे?"

पोरीनं विश्वासानं सरांकडे पाहिलं. 'जुन्या हस्तलिखितात वाचलं,' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. सर मनात म्हणाले, देवा, जीभ वळू दे रे!

"ते कवीचं नाही. माझं आहे. मलाच ठाऊक नव्हतं. चूक माझी, शिक्षा हिला नको."

"शिक्षा कोण देतंय? पण प्रबंध असा मंजूर करता येणार नाही. तीन प्रकरणं नव्यानं लिहावी लागतील."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "मला बोल गं काहीतरी. शिव्या तरी दे."

"चार वर्षं, सर," ती एवढंच म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

सरांचं मन हलकं झालं म्हणावं, तर ओझं तिच्या डोक्यावर गेलं. सध्या ती पहाटे उठून लिहिते, मग नोकरीला जाते. सरांचा फोन अजून उचलत नाही. देवापुढे हात जोडाल तेव्हा बाबांनो, त्या पोरीची आठवण असू द्या.