जूनमध्ये होणारा दगड

एविंदुरला डॉक्टरांनी ऑगस्टपर्यंतची मुदत दिली होती आणि खडकाला मी जूनपर्यंतची. त्यामुळे तो निर्धास्त होता.

आइसलँडच्या पूर्व टोकाला, आमच्या फ्योर्डमागच्या, म्हणजे अरुंद खोल खाडीमागच्या डोंगरात, आम्ही दोन वर्षं सोडावॉटर ओतत होतो. म्हणजे कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून खोल बसाल्टात सोडायचा. त्यानं खडक थोडा विरघळतो, त्यातलं कॅल्शियम वायूला धरून ठेवतं आणि काळ्या खडकाच्या बारीक भोकांत पांढरा दगड बसतो. कधी बसेल ते संगणकावर मांडायचं काम माझं. उत्तर आलं होतं जून. जूनमध्ये खडकाचा एक दांडा कापून वर काढायचा आणि एविंदुरनं तो हातात धरायचा, एवढंच त्याला आता हवं होतं. प्रयोग मुळात त्याचाच; चाळीस वर्षं आणि दोन बायका त्यानं यात घालवल्या होत्या. दोघीही हयात आहेत आणि मजेत आहेत.

मार्चमध्ये मला चूक सापडली. पाणी खडकाला किती जागी शिवतं, हा आकडा खडकाची भुकटी करून मोजलेला होता. भुकटीला पृष्ठभाग अफाट, अखंड खडकाला जेमतेम. खरा आकडा घालून पाहिला. जून तसाच राहिला, साल तेवढं एकशे दहानं पुढं गेलं.

भुकटी एविंदुरनं स्वतः कुटली होती.

मी त्याच्याकडे मासा-बटाट्याचा गरम लगदा घेऊन गेले.

"जेवण घेऊन आलीस म्हणजे बातमी वाईट," तो पलंगावरून म्हणाला. "बोल, सुन्नेवा."

"आकडा चुकलाय. भुकटीवरचा आहे."

त्यानं चमच्यानं बटाटा चिवडला. "कुणी घातला?"

"मी."

"खोटारडे. खल माझा, हात माझा. छान बारीक कुटली होती मी."

"जरा जास्तच छान."

"मग आता किती वर्षं?"

"एकशे दहा."

"डॉक्टरला विचारून बघतो, जमतंय का."

मला हसता आलं नाही. त्यालाही.

"दांडा काढू नका," तो म्हणाला. "रिकामी भोकं बघायला एवढं यंत्र कशाला डोंगरावर चढवायचं? जुनं गणित आहे का अजून?"

होतं. मी लॅपटॉप त्याच्या पांघरुणावर ठेवला. पडद्यावर चुकीच्या आकड्याच्या खडकात पाणी शिरलं आणि एकेक भोक पांढरं होऊ लागलं. एप्रिल. मे.

"हळू कर जरा," तो म्हणाला.

मी वेग कमी केला. जून यायला पंचवीस मिनिटं लागली. शेवटचं भोक भरलं तशी मी बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे."

बॅटरी संपेपर्यंत आम्ही तो पांढरा दगड बघत बसलो.